थांबवलेली झुंज

८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता लिहायला बसलोय, तेव्हाच विषय कोणता ते तू ओळखलं असशील. त्या पंचाचं नाव निघालं की फोनवर माझा आवाज चढतो, तू फोन कानापासून लांब धरतेस आणि मागून आई विचारते की हा कोणाशी भांडतोय. कागदावर निदान ओरडता येत नाही.

इकडे सगळं ठीक. बायकोला बेकरीत पहाटेची पाळी लागली आहे, त्यामुळे आम्ही नवरा-बायको सध्या जिन्यात भेटतो. माझं सामान हलवायचं काम चालू आहे. परवा एका बाईंचा पियानो चौथ्या मजल्यावरून उतरवला. खाली आल्यावर त्यांचे यजमान माझ्या कानांकडे निरखून बघायला लागले. कानांची अशी फुलकोबी झालेली दिसली की लोकांना काहीतरी आठवतंच. पिंजऱ्यात लढायचा तो ओंडका तुम्हीच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तर म्हणाले, की तुमची अजिंक्यपदाची झुंज मी पाहिली होती, फार वाईट झालं. मी म्हटलं, झालं नाही, केलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, की गप्पा नंतर, आधी पियानो ट्रकात चढवा.

म्हणजे बघ, नऊ वर्षांनीही परक्या माणसाला कळतं. आणि आता ऐक. मंगळवारी मला त्याच पंचाचा फोन आला. खेळाच्या मंडळाला पंच कमी पडताहेत, नव्या पंचांचा वर्ग सुरू होतोय आणि तो स्वतः शिकवणार आहे. मी यावं, असं त्याचं म्हणणं. त्या झुंजीबद्दल अवाक्षर नाही. जणू आमची ओळख भाजीच्या दुकानातली आहे. मी ठेवतो म्हटलं आणि ठेवला.

तुला माझी सगळी कहाणी पाठ आहे, तरी लिहितो, म्हणजे डोकं निवेल. एकोणिसाव्या वर्षी, शाळेपासूनच्या कुस्तीच्या गादीवरून मी या खेळात आलो. पहिली झुंज ट्रकच्या गॅरेजात, तेलाच्या डागांवर गाद्या अंथरून. ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणारा खेळ, आणि मला त्यातलं एकच येत होतं, कोणी कितीही ढकललं तरी जागचं हलायचं नाही. निवेदकाने ओंडका म्हणून पुकारलं ते चिकटलंच. मग उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली. वजन उतरवायला प्लास्टिकचा सूट चढवून न्हाणीघरात वाफेत बसलो, तहान लागली तर बर्फाचा खडा चोखून थुंकला, नाक इतक्यांदा मोडून घेतलं की आता ते कुठल्या बाजूला बघतं हे मलाच सांगता येत नाही. आणि ज्या एका संध्याकाळसाठी हे सगळं केलं, त्या संध्याकाळी शेवटच्या फेरीत हा बुटका मध्ये पडला आणि झुंज थांबवली. मागून गळ्याला पकड बसली होती, हे मी कधी नाकारलं नाही. पण मी हार मानायचा हात टेकला नव्हता. मी पूर्ण शुद्धीत होतो. पुढे तीन वर्षं लढलो ती नुसती हजेरी लावली. मग खांदा गेला आणि सोडलं.

बायको म्हणते, जाऊन तर ये. तुझं काय म्हणणं ते स्पष्ट लिही. आईला नमस्कार.

लोभ आहे तेवढा ठेव, हे पत्र वाचून त्यातला कापू नकोस.

तुझा,
ओंडका


१७ जानेवारी

चि. ओंडक्यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं, शिव्या गाळून. त्यामुळे तिला वाटलं की पत्र फारच छोटं आहे.

तू मला स्पष्ट लिही म्हणतोस. त्या झुंजीनंतर मी एकदा स्पष्ट बोलले होते, आठवतं? मी तिथे तिसऱ्या रांगेत बसले होते आणि जे दिसलं ते तुला सांगायला गेले. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत तू उठून गेलास आणि वर्षभर तुझा पत्ता नव्हता. शेवटी आई आजारी पडली तेव्हा दारात उभा राहिलास. तेव्हापासून या विषयावर मी तोंड शिवून घेतलंय. शिवणकाम माझा धंदाच आहे, टाका पक्का आहे. तो उसवायचा की नाही ते तू ठरव, मी आपणहून उसवणार नाही.

पण वर्गाला जायचं की नाही, एवढं विचारत असशील तर जा. नऊ वर्षं त्या माणसाच्या वाट्याच्या शिव्या आम्ही ऐकतोय. त्या ज्याच्या त्याला नेऊन पोचव. सामान पोचवणं तुझं कामच आहे.

आईने विचारलं, की पंच म्हणजे नेमकं काय करतो. मी सांगितलं, दोघं लढत असतात आणि हा तिसरा त्यांच्या भोवती फिरत असतो. तिने विचारलं, की या तिसऱ्याला कोणी मारतं का. मी म्हटलं, मारत नाहीत, फक्त शिव्या देतात. मग चांगलंच की, असं म्हणाली. शिव्यांनी नाक मोडत नाही. तेव्हा घरून परवानगी आहे असं समज.

दुकानात एका दवाखान्याच्या पडद्यांचं काम आलंय. सगळे एकाच फिकट हिरव्या रंगाचे. दिवसभर तो रंग बघून मलाच तपासून घ्यावंसं वाटायला लागलंय. आमच्या बेकरीवालीला सांग, की जिन्यात भेटलात तरी दोन मिनिटं थांबून बोलत जा.

आशीर्वाद भरपूर आहेत, अक्कल तेवढी तुझी तू मिळव.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. शिव्या पोचवायलाच गेलो होतो, पण अजून संधी मिळालेली नाही.

वर्ग एका शाळेच्या व्यायामशाळेत भरतो. रबरी गाद्यांचा वास नाकात गेला आणि माझ्या पोटात तसाच गोळा आला, जसा झुंजीआधी यायचा. माणूस निवृत्त होतो, पोट होत नाही. आम्ही दहाएक जण आहोत. एक बाई पूर्वी ज्युदो खेळायच्या, एक जण टपाल खात्यातला आहे, बाकीचे माझ्यासारखेच, वाकड्या नाकांचे.

आपला पंच आता म्हातारा झालाय, पण होता तसाच आहे, आखूड, ताठ आणि मिशीला सुद्धा इस्त्री केलेली. दिवसा तो गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेतो. म्हणजे दिवसभर लोकांना नापास करतो आणि संध्याकाळी त्यांच्या झुंजी थांबवतो. हे ऐकून बायकोला इतकं हसू आलं, की तिच्या हातातला पावांचा ट्रे कलंडला.

त्याची शिकवायची तऱ्हा वेगळी आहे. पडद्यावर जुन्या झुंजी लावतो, आवाज बंद करून. आम्ही बघायचं आणि जिथे थांबवावंसं वाटेल तिथे हात वर करायचा. पहिल्या दिवशी माझा हात सगळ्यांत शेवटी वर गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, की तू तोंडाकडे बघतोस. लढणाऱ्याचं तोंड शेवटपर्यंत खोटं बोलतं. पाय बघ. पायाची बोटं जमीन धरत नसतील तर तोंड काय म्हणतंय याला अर्थ नाही.

मी बघायला लागलो आणि ताई, खरंच तसं दिसतं. माणूस मुठी वर धरून उभा असतो, डोळे वटारलेले असतात, पण पाय दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे पडतात. मी इतकी वर्षं त्या जाळीच्या आत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. आत असताना कोण कुणाच्या पायांकडे बघतं.

पण एक गोष्ट सलते. तो इतरांशी बोलतो तितकंच माझ्याशी बोलतो. ना कमी, ना जास्त. मला वाटलं होतं, एखाद्या दिवशी बाजूला घेऊन काहीतरी म्हणेल. म्हणत नाही. मीही विचारत नाही. आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून खिडकीतून बाहेर बघत उभे राहतो, एखाद्या जुन्या जोडप्यासारखे.

परीक्षा पुढच्या महिन्यात. पास झालो तर काळी पँट आणि काळा शर्ट लागेल. बाजारातल्या पँटीत माझ्या मांड्या जात नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. बहिणीचा धंदा भावाच्या उपयोगी पडावा अशी जुनी समजूत आहे.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया उधारीवर असली तरी चालू ठेव.

तुझा,
ओंडका


२० मार्च

चि. ओंडक्यास,
अ. उ. आ.

मी पडदे शिवते, पँटी नाही. तरी तुझ्या मांड्यांचा घेर आठवला तर दोन्हींत फार फरक नाही, म्हणून शिवते. मापं पाठव. मांडीचं, उंचीचं आणि कंबरेचं. कंबरेचं माप बायकोला घ्यायला सांग, तू घेतलंस तर श्वास ओढून घेशील. गुडघ्यात वाकायचं काम असेल तर आसनाला जास्तीचं कापड घालते. हजार माणसांत पँट फाटली तर ते थांबवायला कुठला पंच येणार नाही.

तू पायांबद्दल लिहिलंस ते मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की हा सुरुवातीला दमून घरी यायचा तेव्हा मी पण पायच बघायचे, चपला कशा काढतो ते. बरं आहे, बरं आहे असं तोंडाने म्हणायचा.

म्हातारा काही म्हणत नाही म्हणून सलतंय, असं लिहिलंस. पूर्वी त्याने जे केलं त्याचा राग होता, आता बोलत नाही त्याचा. तुझा राग जागरूक आहे, त्याला कामावाचून बसवत नाही. मी यावर आणखी काही लिहीत नाही. टाका शाबूत आहे.

परीक्षेला नीट जेवून जा. माझ्या जिवाचा तुकडा आहेस, वजनाने जरा मोठा, एवढंच.

तुझी,
ताई


२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पँट छान बसते. तिच्यात मी आतापर्यंत आठ-दहा झुंजी पंच म्हणून उभा राहिलो. सगळ्या सुरळीत गेल्या. लोक पंचाला विसरून गेले, म्हणजे काम चांगलं झालं, असं म्हातारा म्हणतो. शनिवारी मात्र कोणी विसरलं नाही.

दोन मुलींची झुंज होती. त्यातली एक वेल्डिंगचं काम करते, वर्कशॉपमधून थेट सरावाला येते. तिला सगळे ठिणगी म्हणतात. ही झुंज जिंकली असती तर तिला मोठ्या स्पर्धेत जागा होती. दुसऱ्या फेरीत ती वर होती, जिंकतच होती. एका क्षणात खालच्या मुलीने तिचा उजवा हात दोन मांड्यांमध्ये धरला आणि कंबर वर उचलून कोपर उलटं ताणायला सुरुवात केली. या पकडीत माणूस हात टेकतो, कारण पुढे मोडण्याशिवाय काही नसतं. ठिणगी टेकेना. मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसलो होतो. तिचं तोंड मला नाही म्हणत होतं. डावा हात मोकळा होता, त्याची मूठ घट्ट मिटलेली. आणि कोपर, ताई, कोपर जिथे थांबायला हवं त्याच्या जरा पुढे गेलेलं मला दिसलं. मी दोघींवर झेप घेतली आणि थांबवलं.

पुढच्याची तू कल्पना करू शकतेस. सगळं सभागृह उठून ओरडायला लागलं. बाटल्या आल्या, एक माझ्या पाठीवर बसली. ठिणगी उठली, तो हात माझ्या नाकासमोर धरून तिने उघडला, मिटला, फिरवून दाखवला. धड होता. डॉक्टरांनी बघितला, थोडा ताण आहे म्हणाले, बाकी काही नाही.

नंतर मी कपडे बदलायच्या खोलीत बसलो होतो, तिथे ती आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, की मी हात टेकला नव्हता. मला सहन होत होतं. हात माझा होता, मोडला असता तर माझा मोडला असता, तुम्हाला कोणी विचारलं होतं. ही वाक्यं माझी आहेत, ताई. शब्दन् शब्द. मी म्हाताऱ्याला जाळीच्या आत हेच म्हणालो होतो, फक्त हाताच्या जागी मान होती.

तिच्या प्रशिक्षकाने मंडळाकडे तक्रार केली आहे. शुक्रवारी सुनावणी. निकाल विरुद्ध गेला तर माझा पंचाचा परवाना जाईल. त्याचं मला फारसं नाही, पियानो आहेतच. पण मला कळत नाहीये की मी बरोबर केलं की चूक. हात मोडला असता तर सगळे म्हणाले असते, पंच झोपला होता का. मोडला नाही, तर म्हणताहेत, मोडणारच नव्हता. वेळेवर थांबवलेल्या झुंजीत मागे दाखवायला काही उरतच नाही. तिच्याकडे धड हात आहे, आणि तो धड हातच माझ्याविरुद्धचा पुरावा आहे.

आता तुला एक मागतो. त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेतून तुला काय दिसलं ते लिही. सगळं लिही. मी उठून जाणार नाही. कागदावरून उठून कुठे जाणार.

उत्तर लवकर पाठव. राग येईल असं असलं तरी पाठव, आणि शेवटी आशीर्वाद लिहायला विसरू नकोस.

तुझा,
ओंडका


२७ जून

चि. ओंडक्यास,
अनेक अनेक आशीर्वाद. या वेळी आधीच लिहिते.

दुकान बंद करून, कापायच्या टेबलावर बसून लिहिते आहे. आई आत झोपली आहे.

तुला मागून धरलं होतं. त्या माणसाचा एक हात तुझ्या गळ्याभोवती होता आणि तू दोन्ही हातांनी तो सोडवत होतास. तुझं तोंड आमच्याच बाजूला होतं. तोंड लाल झालं, मग त्याचा रंग बदलला. तुझा डावा हात आधी सुटला. मला वाटलं, काही डाव करतोयस. मग उजवा सुटला. तो गादीवर पडला, तळवा वर करून, बोटं अर्धवट मिटलेली. लहानपणी दुपारी झोपलास की तुझा हात तसाच खाटेच्या बाहेर लोंबायचा, मीच तो उचलून आत ठेवायचे.

पंच तुझ्याजवळ खाली बसला होता. त्याने तुझा तो हात मनगटाला धरून उचलला आणि सोडला. हात तसाच खाली पडला. तुझे डोळे उघडे होते. माझ्याकडेच होते, पण तू त्यात नव्हतास. मग त्याने त्या माणसाला तुझ्यावरून ओढून काढलं आणि तुझं डोकं दोन्ही हातांत धरून हळूच गादीवर टेकवलं. लोक तोपर्यंत ओरडायला लागले होते, त्यामुळे ते कोणी पाहिलं नसेल. मी पाहिलं.

त्यानंतर तू जागा झालास, उठून बसलास आणि त्याच्या अंगावर धावून गेलास की मी शुद्धीत होतो. तू खोटं बोलत नव्हतास, हे मला तेव्हाही कळत होतं. तुझ्यापुरतं तसंच होतं. गळ्याला पकड बसली आणि पंच मध्ये पडला, एवढंच तुझ्याजवळ आहे. दोन्हींच्या मधला वेळ तुझ्याकडे नाहीच. तो आमच्याकडे आहे. त्या वेळात मी आईला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होते.

मी ती कोणालाही सांगितली नाहीत, कारण तू उठलास. आणि तू उठून इतकं भांडलास, की मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. बाजूच्या माणसाला वाटलं, ही दुसऱ्या पक्षाची आहे.

आता तू चिड, हवं तर पुन्हा वर्षभर बोलू नकोस. पण त्या मुलीच्या हाताचं ऐकून मला तरी बरंच वाटलं. शुक्रवारी काय होतं ते कळव.

उद्याही मी तुझी बहीणच असणार आहे, याची नोंद घ्यावी.

तुझी,
ताई


६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं. मग बायको आली, तिला वाचायला दिलं. ती वाचून माझ्याशेजारी बसली आणि तिने माझा उजवा हात तिच्या मांडीवर घेतला. पिठाचा वास होता तिला. मी चिडलेलो नाही. जरा हलका झालोय आणि जरा रिकामा. इतकी वर्षं जे जड कपाट पाठीवर घेऊन फिरलो, ते उतरवून ठेवल्यावर पाठीला काही वेळ करमत नाही, तसं.

सुनावणी झाली. एका लांबट टेबलापलीकडे मंडळाचे तिघं, अलीकडे मी, ठिणगी, तिचा प्रशिक्षक, आणि मत द्यायला म्हणून बोलावलेला म्हातारा. चित्रफीत पुन्हा पुन्हा लावली, आधी नेहमीच्या वेगाने, मग संथ. संथ लावली की सगळंच सोपं दिसतं. म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही काय केलं असतं. मला वाटलं, माझी बाजू घेईल. तर म्हणाला, की मी कदाचित अर्धा श्वास आणखी थांबलो असतो. मग तो पुढे म्हणाला, की पण मी आत्ता खुर्चीवर बसलोय, हात मोडला नाही हे मला माहीत आहे, आणि चहाही झालाय. हा माणूस गुडघ्यांवर होता आणि त्याला पुढचं माहीत नव्हतं. त्याने जे पाहिलं त्यावर त्याने बरोबर केलं.

निर्णय कायम राहिला. माझा परवानाही. ठिणगीला त्याच मुलीबरोबर पुन्हा झुंज मिळाली, पंच दुसरा. ती जाताना माझ्या बाजूने गेली, पण मान वळवली नाही.

बाहेर आल्यावर मी म्हाताऱ्याबरोबर त्याच्या बसथांब्यापर्यंत चालत गेलो आणि शेवटी विचारलंच. म्हटलं, माझी अजिंक्यपदाची झुंज तुम्ही थांबवलीत, मी तुम्हाला नको ते बोललो, त्याबद्दल तुम्हाला काय वाटतं. तो थबकला. माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, की तुझी झुंज मी थांबवली होती का.

ताई, त्याला आठवतच नव्हतं. मी त्याला शहर सांगितलं, साल सांगितलं, कोणत्या फेरीत ते सांगितलं. तो नम्रपणे मान हलवत होता, नातेवाईक नाव सांगतात आणि आपल्याला ओळख पटत नाही तेव्हा आपण हलवतो तशी. मग म्हणाला, की अशा शेकडो थांबवल्या, शिव्या देणारेही तितकेच, थांबवलेल्या लक्षात राहत नाहीत. एकच झुंज आठवते. ती थांबवायला मला उशीर झाला होता. तो मुलगा आता बोलत नाही, चमच्याने भरवावं लागतं. दर सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याकडे जातो आणि आम्ही खिडकीत बसतो.

एवढं सांगून त्याने बसचा आकडा वाचला, आपली नाही म्हणाला.

मी विचारलं, की मग वर्गासाठी मलाच फोन का केलात. मला वाटलं होतं, जुन्या गोष्टीची भरपाई असेल. तर तसं काहीच नाही. त्याच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड मी हलवलं होतं. जिन्याच्या वळणावर माझ्या जोडीदाराचा पाय घसरायच्या आधीच मी थांब म्हणालो आणि कपाटाचा सगळा भार स्वतःवर घेतला, हे त्याने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. कंपनीकडून त्याने माझा नंबर घेतला. मी लढवय्या होतो हे त्याला वर्गात माझे कान बघून कळलं.

बस आली. तो चढला आणि मी पाटीखाली उभा राहून हसत सुटलो. रांगेतल्या बाई जरा लांब सरकल्या. नऊ वर्षं मी ज्याच्याशी मनातल्या मनात भांडत होतो, तो भांडणाला आलाच नव्हता.

आईला यातलं हवं तेवढं वाच. चमच्याचं वाचू नकोस.

तुझ्या मायेवर आजवर कधी हक्क सांगितला नाही, आज सांगतो.

तुझा,
ओंडका


१५ जुलै

चि. ओंडक्यास,
अ. उ. आ.

वाचलं. आईनेच वाचायला मागितलं आणि भिंग घेऊन बसली. चमच्याचं तिने वाचलं. मग म्हणाली, की त्या पंचांना एकदा घरी घेऊन ये, त्यांना नीट जेवू घालते. आणि त्यांनी तुझं डोकं कसं टेकवलं ते मला पुन्हा सांगायला लावलं. मी हातांनी करून दाखवलं. तिने पुन्हा करायला सांगितलं.

दवाखान्याचे पडदे लावून झाले. आता एका शाळेचे निळे आहेत. जिवाला बरं वाटतंय.

ठिणगीची झुंज कधी आहे? तू बघायला जाणार असशील तर मागे बस, बाटल्यांच्या टप्प्याबाहेर.

आम्ही दोघी तुझ्या बाजूच्या आहोत, शिट्टी वाजली तरी.

तुझी,
ताई


२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल ठिणगीची झुंज झाली. मला काम नव्हतं, पण नियमाप्रमाणे राखीव पंच म्हणून जाळीच्या अगदी बाहेरच्या खुर्चीवर बसायचं होतं. तुझी पँट घालून बसलो.

पहिल्या फेरीत ती जरा दबून लढली. उजवा हात अंगाशी धरून ठेवत होती, पुढे सोडतच नव्हती. मला वाटलं, मी तिला हे दिलं, ही भीती. दुसऱ्या फेरीत समोरची मुलगी पुन्हा तोच हात धरायला आली. ठिणगीने तो मागे घेतला नाही. तसाच आत घुसवला आणि ठोसा बसला. समोरची पडली, पंचाने लगेच थांबवलं. त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, पंचावर बाटली तर नाहीच.

राखीव पंचाला टाळ्या वाजवता येत नाहीत, म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो.

तिने हात वर केला, तोच उजवा, आणि जाळीच्या आतून एक फेरी मारली. माझ्यासमोर आली तेव्हा तिने मला पाहिलं. ओळखलंही. आणि तोंड फिरवून पुढे गेली. बाहेर पडतानाही मी वाटेत उभा होतो, तरी बोलली नाही. बायकोला ते फार लागलं. म्हणाली, की ज्या हाताने जिंकली तो कोणामुळे शाबूत आहे, निदान मान तरी हलवायची.

मला नाही लागलं. तिच्याजवळ ते नाही ना, ताई. कोपर पुढे गेलेलं तिने पाहिलेलं नाही, ते माझ्याकडे आहे. तिच्यापुरता तिचा हात कायम धडच होता आणि मी मध्ये पडलो. मी नऊ वर्षं घेतली, तिची तर आत्ता सुरुवात आहे. घेऊ दे. आज सोमवार, ती सकाळी वर्कशॉपला गेली असेल आणि उजव्या हाताने वेल्डिंग करत असेल, मला शिव्या देत.

आम्ही दोघं रविवारी येतो. म्हातारा सुट्टीच्या दिवशी मोकळा नसतो, त्याला नंतर कधीतरी आणीन. आईला नमस्कार सांग आणि तुझा जीव माझ्यावर जसा आहे तसाच असू दे, त्यात सुधारणा नको.

तुझा,
ओंडका